पाऊचायटिस, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक: सोबत द्यायचं की एकामागून एक?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

माझा धाकटा भाऊ, वय ३१. त्याला २०१६ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. सुरुवातीचं वर्षभर आम्ही साधी आव समजून औषधं करत राहिलो. पुढे मेसालामाइन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, मग इंजेक्शनं, सगळं झालं. २०२१ मध्ये मुंबईला मोठं आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचं टोक दुमडून इंग्रजी जे अक्षरासारखी पिशवी शिवली आणि ती गुदद्वाराशी जोडली. त्यालाच पाऊच म्हणतात. काही महिने पोटावर बॅग होती, ती निघाली. त्यानंतर दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागायचं, पण रक्त नाही, कळ नाही. तो नोकरीवर परत रुजू झाला. आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या दिवाळीपासून परत सुरू झालंय. दिवसाला बारा-चौदा वेळा, पोटात मुरडा, अंगात कणकण, आणि रात्री झोपेत कपडे खराब होणं. हे तो फक्त मला सांगतो, आईला नाही. दुर्बिणीतून तपासल्यावर पाऊचला सूज निघाली, म्हणजे पाऊचायटिस. ही तिसरी खेप. प्रत्येक वेळी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० दिवसातून दोनदा आणि मेट्रोनिडाझोल ४०० तीनदा, दोन आठवडे. चौथ्या दिवसापासून उतार पडतो आणि कोर्स संपून महिना-दीड महिना झाला की पुन्हा तेच.

या वेळी चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत 'प्रोबायोटिक' एवढंच लिहिलंय. नाव नाही, किती नाही, कधी नाही. डॉक्टरांची पुढची भेट दोन आठवड्यांनी. मेडिकलवाल्याने एक पुडी दिली, शेजारच्या काकूंनी दुसरीच बाटली सुचवली आणि आई म्हणते घरचं ताक असताना विकतचं कशाला. माझा प्रश्न साधा आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं आणि प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. मग दोन्ही एकदम देऊन काय साधतं? सोबत द्यावं, की कोर्स संपल्यावर?

अबोली_पुणे

ताई, वाचून पोटात कालवलं. मला कोलायटिस होऊन नऊ वर्षं झाली. आतडं अजून आहे, पण रात्रीच्या त्या प्रकाराबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी भोगलंय. त्याला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. मी गादीवर रबरी शीट घालून वर जुनी सुती साडी अंथरायचे. साडी धुवायला सोपी जाते आणि मध्यरात्री कुणाला उठवावं लागत नाही.

प्रोबायोटिकचं मी सांगू शकणार नाही. मला कधी फरक वाटला, कधी नाही. जाणकार येतीलच.

औषधवाली

मी फार्मासिस्ट आहे, नाशिकला अठरा वर्षं दुकान चालवतेय. तुमच्या प्रश्नाचा दुकानातल्या बाजूने अर्धा भाग सांगते. आजाराचं डॉक्टर मंडळी सांगतील.

प्रोबायोटिक म्हणजे एकच औषध नव्हे. काउंटरवर त्या नावाखाली तीन वेगळ्या जातीच्या वस्तू असतात. पहिली यीस्ट, सॅकरोमायसिस बुलार्डी. ही बुरशीच्या वर्गातली आहे, त्यामुळे सिप्रो किंवा मेट्रो तिला मारत नाहीत. बुरशीवरचं औषध, म्हणजे फ्लुकोनाझोल वगैरे, चालू असेल तर मात्र ती मरते. एकोनॉर्मच्या पुडीत हीच असते. दुसरा प्रकार बीजाणूंचा, बॅसिलस क्लॉसी. एन्टेरोजर्मिनाच्या त्या छोट्या ५ मिलीच्या कुप्या, एकेका कुपीत २०० कोटी बीजाणू. बीजाणू कवचात असतो, पोटातल्या आम्लातून पार होतो आणि या जातीचे जंतू बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. तिसरा प्रकार लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम वगैरे. हे नाजूक. अँटिबायोटिकसोबत एकाच घोटात घेतले तर त्यातले बरेच वाया जातात, म्हणून निदान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

म्हणजे 'जिवंत जंतू मरणार नाहीत का' याचं उत्तर पुडीत कोण आहे यावर ठरतं. मेडिकलवाल्याने दिलेल्या पुडीच्या मागचं बारीक अक्षर वाचून इथे लिहा.

आणि एक कळकळीने विचारते. सिप्रो तो कशासोबत घेतो?

कृष्णाकाठ

औषधवाली ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. आई रोज सकाळी त्याला पेलाभर ताक देते आणि त्याच ताकासोबत तो सिप्रो घेतो. गोळी गरम पडू नये म्हणून. शिवाय त्याची लोहाची गोळीही त्याच वेळी असते. 'सकाळच्या गोळ्या' असं लिहिलेल्या एकाच डबीत दोन्ही ठेवलेल्या आहेत. डबी मीच भरते.

पुडीवर 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' लिहिलंय.

औषधवाली

मनाला लावून घेऊ नका, हे दर आठवड्याला बघते मी. सिप्रो कॅल्शियमला आणि लोहाला चिकटतं. तसं चिकटलं की आतड्यातून रक्तात नीट शोषलं जात नाही, गोळी पोटात जाऊनही अर्धीमुर्धी वाया जाते. नुसत्या दुधा-दह्या-ताकासोबत ही गोळी घ्यायचीच नाही. जेवणात थोडं दही असलं तर चालतं, पण गोळी साध्या पाण्यासोबत. लोह, कॅल्शियम, झिंक, आम्लपित्ताची पांढरी औषधं, यांच्या दोन तास आधी सिप्रो घ्यायचं, नाहीतर त्यांच्यानंतर सहा तासांनी.

लोहाची गोळी कोर्स संपेपर्यंत दुपारी ढकलता येईल का किंवा बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना फोन करून आजच विचारा. हे भेटीपर्यंत थांबवू नका. ताक दुपारच्या जेवणात द्या, आईंचं मन मोडायला नको.

टाचेच्या मागे दुखायला लागलं तर लगेच कळवायचं, सिप्रोने तिथल्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, इजा होऊ शकते. मेट्रोने तोंडाला लोखंडासारखी चव येते, ती कोर्स संपल्यावर जाते. पण पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर अंगावर काढू नका. दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस.

शेवंती

मी डॉक्टर आहे, पोटविकारात डीएम, म्हणजे एमडीच्या पुढचं शिक्षण, करतेय, शेवटचं वर्ष. इथे कुणाच्या पेशंटला औषध सांगणार नाही, पण ताईंनी प्रश्न फार नेमका विचारलाय.

मुळात हे दोन प्रश्न आहेत आणि सगळा घोळ ते एकत्र केल्याने होतो. पहिला प्रश्न: अँटिबायोटिक चालू असताना त्यामुळेच होणारे जुलाब टाळायला प्रोबायोटिक द्यावं का? दुसरा: अँटिबायोटिकने पाऊचची सूज उतरल्यावर ती परत येऊ नये म्हणून द्यावं का? वस्तू वेगळी, मात्रा वेगळी, वेळ वेगळी.

दुसऱ्याबद्दल बोलते, कारण तुमच्या भावाचा खरा त्रास तो आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या गटाने २००० साली ४० पाऊच रुग्णांवर अभ्यास छापला. आधी अँटिबायोटिकने सूज पूर्ण उतरवली. मग निम्म्यांना आठ जातींचं मिश्रण, व्हीएसएल थ्री, दिवसाला ६ ग्रॅम, आणि निम्म्यांना खोटी पुडी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. नऊ महिन्यांत खोट्या पुडीवरचे वीसच्या वीस जण परत आजारी पडले. मिश्रणावरच्या वीसपैकी तीन. मग २००४ मध्ये ३६ रुग्णांवर दुसरा अभ्यास आला. त्यात आधी चार आठवडे मेट्रोनिडाझोल आणि सिप्रो, म्हणजे तुमच्या भावाची हीच जोडी, आणि नंतर वर्षभर मिश्रण. वर्षाअखेर मिश्रणावरचे २० पैकी १७ बरे राहिले, खोट्या पुडीवरच्या १६ पैकी फक्त एक.

दोन्हींत क्रम बघा. आधी अँटिबायोटिक, सूज उतरल्याची खात्री, मग प्रोबायोटिक, आणि तेही महिनोन्महिने. तेव्हा पाऊचपुरतं बोलायचं तर पुरावा 'सोबत' घेण्याचा नाही, 'मागून' घेण्याचा आहे. आणि तो त्या ठरावीक आठ जातींच्या मिश्रणाचा आहे. लॅक्टिक ॲसिड बॅसिलसच्या पुडीला तो लागू होत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये वारंवार अँटिबायोटिक लागणाऱ्या ३१ जणांना दोन आठवडे सिप्रो देऊन मग हेच मिश्रण दिलं. आठ महिन्यांनी फक्त सहा जण ते घेत होते. बाकीच्यांनी सोडलं, कारण त्रास परत आला किंवा औषध सोसलं नाही. हा अभ्यास २००५ चा. कडक चाचणीत जे दिसलं ते रोजच्या ओपीडीत तसंच दिसेल असं नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये पाऊचायटिससाठी आठ जातींचं मिश्रण सुचवलंय खरं, पण पुरावा अगदी कमी दर्जाचा आहे असं स्वतःच नोंदवून.

अबोली_पुणे

शेवंती, पाऊच नसलेल्या आमच्यासारख्यांचं काय?

शेवंती

भारतातच अभ्यास झालाय. २००९ मध्ये छापला, सौम्य ते मध्यम कोलायटिसचे १४७ रुग्ण, लुधियानाचे डॉक्टर पुढे होते. बारा आठवड्यांनी मिश्रणावरच्या ४२.९ टक्के लोकांचा आजार शांत झाला, खोट्या पुडीवर १५.७ टक्के. तरीही २०२० च्या त्याच मार्गदर्शनात कोलायटिस आणि क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीत द्यावं असं म्हटलंय. तुमचं चालू औषध सोडून याच्या मागे लागू नका, एवढं पोटतिडकीने सांगते. मेसालामाइन सोडून फक्त प्रोबायोटिकवर गेलेले आणि मग रक्त पडत आमच्याकडे दाखल झालेले लोक मी पाहिलेत.

सह्यकडा

मी ७२ वर्षांचा आहे. आमच्या घरात कुणाला डॉक्टरांनी लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या की आजी दहीभात सुरू करायची. पोट कधी बिघडलं नाही. दह्यातले जिवंत जंतू तब्येतीला चांगले असं मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मग महिन्याला हजारो रुपयांच्या पुड्या कशासाठी? घरचं विरजण काय वाईट आहे?

शेवंती

काका, दहीभात वाईट नाही, मीही खाते. साध्या घसादुखीच्या कोर्समध्ये आजींचा दहीभात पोटाला आधार देतच होता. फरक मोजणीचा आहे. घरच्या विरजणात कोणत्या जाती आहेत हे घरागणिक, ऋतूगणिक बदलतं, आणि त्या आम्लातून जिवंत पार होतील याचीही खात्री नाही. प्रोबायोटिक म्हणायचं तर ठरलेली जात, पुरेशी संख्या आणि त्याने माणसाला फायदा होतो हे दिसलेलं असावं लागतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही भर त्यावरच आहे. या मुलाच्या पाऊचला सूज आहे. त्याच्यासाठी दही हे अन्न आहे, औषध नाही. अन्न म्हणून जरूर द्या, सोसत असेल तर.

सह्यकडा

पटलं. सिप्रो आणि ताकाचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या हिला गेल्या वर्षी लघवीच्या जंतुसंसर्गाला हीच गोळी होती आणि मी स्वतः ताक करून देत होतो. दोन कोर्स घ्यावे लागले. ताकामुळेच की कसं ते कळायला मार्ग नाही, पण यापुढे पाणीच.

लेस्टरकर

मूळचा साताऱ्याचा, बावीस वर्षं इंग्लंडात. माझाही पाऊच आहे, अकरावं वर्ष. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या सर्जननीच जगासमोर मांडली, त्यामुळे इथे पाऊचसाठी वेगळ्या नर्स असतात. माझं जे काही निभावलं ते माझ्या नर्सबाईंमुळे.

भावाला माझा निरोप द्या: वही ठेव. मी शाळेची दोनशे पानी वही घेतली. रोज एक ओळ. किती वेळा, रात्री किती वेळा, रक्त आहे का, काय खाल्लं, कोणतं औषध कितीला. दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोर ती ठेवली तेव्हा दिसलं की माझा त्रास अँटिबायोटिक संपल्यापासून नेमका पाचव्या आठवड्यात सुरू होतो. वहीशिवाय मी 'अधूनमधून होतं' एवढंच सांगत राहिलो असतो.

मी मिश्रण चौदा महिने घेतलं. पहिले दहा दिवस पोट इतकं फुगायचं की पँटचं बटण लागेना. सोडून देणार होतो. नर्सबाईंनी मात्रा चौथाईवर आणून दर चार दिवसांनी वाढवायला लावली, मग सोसलं. त्या चौदा महिन्यांत एकदाच त्रास झाला, त्याआधी वर्षात चारदा. माझ्यापुरतं हे खरं. माझ्याच ओळखीच्या एका पाऊचवाल्याला शून्य फरक पडला.

घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. मूळ मिश्रण इटलीतल्या दे सिमोने यांचं. त्यांचं आणि कंपनीचं फाटलं आणि २०१६ मध्ये करार संपला. अमेरिकेत तेव्हापासून जुन्या नावाच्या डब्यात वेगळी पाककृती आहे आणि मूळ पाककृती दुसऱ्या नावाने मिळते. वर शेवंती यांनी सांगितलेले अभ्यास जुन्या पाककृतीचे आहेत. तेव्हा डब्यावरच्या नावाऐवजी मागची जातींची यादी आणि संख्या डॉक्टरांना दाखवा.

आणि थंडावा. हे मिश्रण फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. सुट्टीत गावी आलो होतो तेव्हा एका दुकानातून डबा घेतला, तो उन्हात तापलेल्या काचेच्या कपाटातून काढून दिला त्यांनी. मी मुकाट्याने घेतला. तो महिना फुकट गेला असं मला अजूनही वाटतं.

औषधवाली

लेस्टरकर, तुमची तक्रार रास्त आहे. गिऱ्हाइकाने सरळ विचारावं, 'फ्रीजमधलं आहे का, समोर काढून द्या.' चांगल्या दुकानदाराला राग येत नाही. आणताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, डबा थेट बर्फाला लावू नका.

निशिगंध९

मला इस्रायलच्या एका अभ्यासाबद्दल विचारायचंय. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलं तर उलट आतड्यातले स्वतःचे जंतू परत यायला उशीर होतो असं वाचलं. मग हे सगळं घातकच नाही का?

शेवंती

चांगलं झालं विचारलंत. वाइझमन इन्स्टिट्यूटचा २०१८ चा अभ्यास. २१ निरोगी स्वयंसेवक, आणि त्यांना दिलेली औषधं पुन्हा हीच दोन, सिप्रो आणि मेट्रोनिडाझोल, आठवडाभर. नंतर काहींना काहीच दिलं नाही, काहींना अकरा जातींचं प्रोबायोटिक, काहींना त्यांचेच आधी साठवलेले जंतू परत दिले. स्वतःचे जंतू मिळालेले काही दिवसांत सावरले, काहीच न घेतलेले काही आठवड्यांत. प्रोबायोटिकवाल्यांचं आतडं कित्येक महिने पूर्वपदावर आलं नाही.

मी हा अभ्यास गांभीर्याने घेते. धडधाकट माणसाने प्रत्येक अँटिबायोटिकनंतर सवयीने महिनाभर प्रोबायोटिक घ्यावं असं मी त्यामुळेच म्हणत नाही. पण ती माणसं निरोगी होती, त्यांचं मोठं आतडं शाबूत होतं, आणि मोजले ते जंतू, आजार नव्हे. पाऊचच्या रुग्णात आपण सूज परत येते का हे बघतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

पहिला प्रश्न राहिला होता. अँटिबायोटिकच्या जुलाबांसाठी ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या २९४१ दाखल रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये छापली. जुलाब प्रोबायोटिकवर १०.८ टक्के, खोट्या पुडीवर १०.४ टक्के. काही फरक नाही. यीस्टसारख्या काही ठरावीक जातींचे निकाल बरे आहेत. पण ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे, जे अतिदक्षता विभागात आहेत किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती फार दबलेली आहे, त्यांना यीस्ट देत नाहीत. ती क्वचित रक्तात उतरते.

मालनगंगा

फक्त एक सांगायचंय. माझ्या सासूबाईंना अँटिबायोटिक चालू असताना जुलाब वाढले तेव्हा आम्ही प्रोबायोटिकच्या पुड्या वाढवत गेलो. नऊ दिवस. शेवटी शौचाची तपासणी केली, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निघाला, म्हणजे अँटिबायोटिकमुळे आतड्यात फोफावून जुलाब करणारा जंतू. त्यावरचं अँटिबायोटिक, व्हॅनकोमायसिन, तोंडाने दिल्यावर थांबलं. ते नऊ दिवस मला अजून टोचतात. ताई, भावाला कोर्स चालू असताना जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढले किंवा ताप चढला तर पुडीवर भिस्त ठेवू नका. तपासणी करा.

शेवंती

मालनगंगा, शंभर टक्के अनुमोदन. पाऊचच्या रुग्णातही हा जंतू सापडतो. तिसऱ्यांदा त्रास होतोय, त्यामुळे ही तपासणी झाली आहे का हे ताईंनी जरूर विचारावं.

कृष्णाकाठ

सव्वा महिन्याने परत लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. लोहाची गोळी कोर्सभर बंद ठेवायला सांगितली. सिप्रो साध्या पाण्याने सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. आईला मी समजावत होते तर तिनेच विचारलं, 'म्हणजे इतके दिवस मीच त्याचं औषध वाया घालवत होते का गं?' मला उत्तर सुचलं नाही. आता ती दुपारी भातावर ताक देते आणि साडेसहालाच ओट्यावर पाण्याचा पेला भरून ठेवते.

या वेळी उतार तिसऱ्या दिवशीच पडला. क्लॉस्ट्रिडियमची तपासणी झाली, नाही निघाला. भेटीच्या वेळी मी इथलं सगळं कागदावर उतरवून नेलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, चिठ्ठीवर नाव लिहायला हवं होतं, माझं राहिलं. कोर्स चार आठवड्यांपर्यंत वाढवला, मग परत दुर्बिणीने पाहिलं. सूज उतरली आहे. त्यानंतर आठ जातींचं मिश्रण सुरू केलं, यादी आणि संख्या त्यांनी स्वतः तपासून. तीन महिने घेऊन बघायचं, फरक नाही पडला तर बंद, असं आधीच ठरवलंय, कारण खर्च आमच्या आवाक्याच्या काठावर आहे.

आज मिश्रणाचा अकरावा दिवस. पोट फुगतं. लेस्टरकर दादा, तुमचं चौथाईचं डॉक्टरांना विचारून तसंच सुरू केलंय. वही सुद्धा. काल त्याने लिहिलेली ओळ त्याला विचारून इथे देते: 'सहा वेळा. रात्री एकदा. रक्त नाही. मुगाची खिचडी, केळं. झोप साडेपाच तास सलग.'

लेस्टरकर

साडेपाच तास सलग! त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. फुगणं तिसऱ्या आठवड्यात कमी झालं माझं. पाचव्या आठवड्यातल्या ओळी नीट बघा आणि इथे कळवा, मी रोज धागा उघडून बघतोय.